मशीनवर सगळं हिरवं, तरी डावा टायर का गेला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. टोयोटा जीआर८६, २०२३ चं मॉडेल, सस्पेन्शन कंपनीने दिलं तसंच. अमेरिकेत कनेटिकटमधल्या लाइम रॉक पार्क या शर्यतीच्या ट्रॅकवर दोन ट्रॅक डे (आपलीच गाडी ट्रॅकवर पळवायचे दिवस) केले आणि पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड पार उडाली. उजवा त्या मानाने धडधाकट. अलाइनमेंटवाल्याने, म्हणजे चाकांचे कोन जुळवणाऱ्याने, गाडी मशीनवर घेतली, पडद्यावर सगळे आकडे हिरवे, म्हणून तो म्हणतो की गाडीत दोष नाही. मित्र म्हणतो, तीन हजार डॉलर टाक आणि कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे संच) बसव. शिवाय याच गाडीने रोज आय-९५ महामार्गावरून ऑफिसला जायचं आहे. तर करायचं काय आणि आकडे किती ठेवायचे?

कॉइलओव्हर तूर्त घेऊ नका. अलाइनमेंटवाला खोटं बोललेला नाही, फक्त त्याने तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. सरळ रस्त्यावर टायर वर्षानुवर्षं समान झिजावा आणि गाडी कुठल्या बाजूला ओढू नये, एवढ्याचसाठी तो हिरवा रंग असतो. भर वळणात टायर जमिनीवर कसा टेकतो, हे ते मशीन बघतच नाही. त्यावर गाडी उभी असते.

आधी डाव्या टायरचं कोडं सोडवू, कारण त्यात कोडं असं काही नाहीच. लाइम रॉक हा दीड मैलाचा ट्रॅक, १९५७ पासूनचा. गाड्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. मूळ आखणीत सात वळणं, त्यातली सहा उजवी आणि एकच डावं. उजव्या वळणात बराचसा भार डाव्या बाजूवर जातो आणि पुढे इंजिन असलेल्या गाडीत त्यातला मोठा वाटा पुढच्या डाव्या चाकावर. घाण्याच्या बैलासारखी गाडी दिवसभर एकाच अंगाने फिरल्यावर एकाच खांद्याला वळ उठणार. उजवा टायर शाबूत आहे तो त्याला फारसं काम पडलं नाही म्हणून. तेव्हा डाव्या-उजव्याच्या फरकावरून अलाइनमेंट बिघडल्याचा निष्कर्ष काढू नका. या गाडीला चारही चाकं एकाच मापाची आहेत. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत पुढची दोन चाकं आपसात बदला, म्हणजे नुकसान वाटलं जाईल. टायर एकाच दिशेने फिरणाऱ्या नक्षीचे नाहीत ना, एवढं तेवढं बघून घ्या.

खरा मुद्दा बाहेरच्या कडेचा. तिचं कारण कॅम्बर.

चाकाकडे समोरून पाहिलं आणि त्याचं वरचं टोक गाडीकडे झुकलेलं दिसलं, तर तो उणा कॅम्बर. तुमच्या गाडीत पुढे कंपनीने तो शून्याच्या आसपास ठेवलेला असतो. आता वळण घ्या. गाडी बाहेरच्या अंगाला कलते. हिशेबापुरतं ३ अंश धरू. बॉडीबरोबर चाकही तेवढंच बाहेर झुकणार. सस्पेन्शन दबताना चाकाला थोडा उणा कॅम्बर परत मिळतो, पण जीआर८६ ला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा एकच उभा खांब, खाली एकच आर्म) आहे आणि स्ट्रटकडून मिळणारा हा परतावा फार तुटपुंजा असतो. १ अंश मिळाला असं धरा. उरले २. स्टिअरिंग वळवल्यावर कास्टरमुळे (चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो मागे कललेला असतो, त्यामुळे) बाहेरच्या चाकाला आणखी जरासा उणा कॅम्बर मिळतो, पण वेगवान वळणात स्टिअरिंग वळतं तरी किती? म्हणजे लाइम रॉकच्या बिग बेंडसारख्या लांबलचक वळणात तुमचा डावा टायर तळव्यावर उभा नसतो, बाहेरच्या कडेवर चालत असतो. नवी चप्पल एका बाजूने झिजली की घरचे म्हणायचे, ‘नीट चाल.’ टायरला नीट चालायला लावायचं, तर उभ्या गाडीतच त्याला आत झुकवून ठेवावं लागतं.

एक इशारा इथेच देतो. दुसऱ्या गाडीचे आकडे उचलू नका. माझी आधीची गाडी माझदा एमएक्स-५ होती. तिला पुढे डबल विशबोन (वर आणि खाली असे दोन आर्म), त्यामुळे दबताना ती स्वतःच बराच कॅम्बर परत कमावते. तिला जो आकडा पुरतो तो तुम्हाला पुरणार नाही. तुमच्या मित्राची गाडी कोणती ते तुम्ही लिहिलं नाही, पण बहुतेक वेळा घोळ इथेच होतो.

कॅम्बर मिळवायचे दोन मार्ग आहेत. स्ट्रट खालच्या टोकाला नकलला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) दोन बोल्टांनी बांधलेला असतो. त्यातला एक काढून त्याजागी विकेंद्री, म्हणजे फिरवला की चाक कलवणारा, कॅम्बर बोल्ट बसवायचा. जोडी पन्नासेक डॉलरच्या आत मिळते आणि साधारण एक ते दीड अंश देते. त्यात चाकाचं वरचं टोक स्ट्रटच्या जवळ सरकतं, म्हणून टायर आणि स्ट्रट यांच्यात बोटभर जागा उरते का हे चाक हाताने पूर्ण फिरवून बघायचं. दुसरा मार्ग म्हणजे वरच्या टोकाला, बॉनेटखाली, कॅम्बर प्लेट. ती महाग, चारशे-पाचशे डॉलरपर्यंत जाते. पण उणे ३ पर्यंत आरामात पोचवते आणि स्ट्रट-टायरमधलं अंतर बदलत नाही. त्या बदल्यात रबराच्या जागी लोखंडी बेअरिंग येतं आणि न्यूयॉर्क परिसरातल्या खड्ड्यांची खबर थेट कानापर्यंत पोचते. बायको शेजारी बसणार असेल तर आधी सांगून ठेवा.

तुमच्या जागी मी असतो तर या हंगामात फक्त बोल्ट घातले असते आणि पुढे दोन्ही बाजूंना सारखा, उणे १.५ ते १.८ कॅम्बर ठेवला असता. एवढ्यानेही गाडी ओळखू येणार नाही. पुढच्या वर्षी जास्त पकडीचे, २०० ट्रेडवेअरचे (टायरच्या झिजेचा आकडा, कमी म्हणजे मऊ रबर) टायर घ्याल तेव्हा प्लेट घ्या आणि उणे २.५ ते ३ पर्यंत जा. टायर जितका चिकट तितकी गाडी जास्त कलते आणि तितका कॅम्बर जास्त लागतो, हा क्रम उलटा करू नका. लाइम रॉकसाठी डावीकडे जास्त आणि उजवीकडे कमी ठेवायचा मोह होईल. रोजच्या गाडीला ते करू नका, सरळ रस्त्यावर ती ओढायला लागते.

मागे हात कमी लावायचा. मागचा कॅम्बर मूळ गाडीत बदलता येत नाही, त्यासाठी वेगळे आर्म घ्यावे लागतात. पण तो मुळातच थोडा उणा असतो आणि तुमच्या पातळीला पुरतो. मागचा टो (वरून पाहिल्यावर चाकाची पुढची कड किती आत किंवा बाहेर वळली आहे तो कोन) मात्र बदलता येतो आणि तो नेमका हवा: दोन्ही चाकं प्रत्येकी ०.१ अंश आत. मागचा टो बाहेर गेला तर लाइम रॉकच्या डाउनहिलसारख्या उताराच्या वळणात पाय उचलताच मागचा भाग पुढे यायला बघतो, आणि त्यानंतर सुधारायला तिथे जागा नसते. आधीच जीआर८६ च्या मागच्या स्प्रिंग तिच्या जुळ्या बहिणीपेक्षा, सुबारू बीआरझेडपेक्षा, कडक आहेत. पुढची पकड वाढवल्यावर मागचा भाग आणखी हलका वाटेल. म्हणून कोणी मागचा जाड अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारी दांडी) विकायला आला तर नम्रपणे नाही म्हणा.

पुढचा टो शून्य. काही जण टो बाहेर ठेवतात, गाडी वळणात चटकन शिरते म्हणून. शिरते हे खरं. पण तुमच्या रोजच्या प्रवासाचा हिशेब करा. चाक ०.२ अंश तिरकं असेल तर दर किलोमीटरला टायर सुमारे साडेतीन मीटर आडवा घासला जातो. उणा कॅम्बर टायर खातो असं सगळे म्हणतात, पण त्यातला बराचसा दोष टो चा असतो आणि नाव कॅम्बरचं होतं. टो शून्य असेल तर उणे १.८ वर रोजचं ऑफिस बिनघोर करता येतं. आणखी एक, कॅम्बर बदलला की टो आपोआप बिघडतो. कॅम्बर बोल्ट बसवून गाडी तशीच महामार्गावर नेणारे लोक मी पाहिले आहेत. दोन आठवड्यांत आतली कड गुळगुळीत.

आता मोजणं. मी कोल्हापूरचा, वडिलांचं दुकान उद्यमनगरात. पुणे-बेंगळुरू रस्त्यावरचे ट्रक यायचे आणि अलाइनमेंट म्हणजे सुतळी, ओळंबा आणि पोलादी फूटपट्टी. इथे येऊन पाहिलं तर शर्यतीच्या संघांचे मेकॅनिकही ट्रॅकवर दोऱ्याच बांधतात. तुमच्या गॅरेजमध्येही हे जमेल, आणि मी म्हणेन जमवाच, कारण दर बदलानंतर दुकानात दीडशे डॉलर मोजायचे झाले तर तुम्ही बदल करून बघणंच सोडून द्याल.

आधी जमीन. गॅरेजची फरशी दाराकडे उताराची असते. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी पातळी काढतो तशी चारही चाकांच्या जागांची पातळी काढा आणि जिथे कमी पडेल तिथे पातळ व्हिनाइल फरश्या रचा. त्याशिवाय प्रत्येक चाकाखाली आणखी दोन फरश्या, त्यांच्यामध्ये ग्रीसचा हात. जॅकवरून उतरवलेल्या गाडीचे टायर जमिनीला धरून ठेवतात, सस्पेन्शन पूर्ण बसत नाही आणि माप खोटं येतं. ग्रीसवर चाकं सरकून आपल्या जागी येतात. टायरमध्ये हवा बरोबर, टाकी अर्धी आणि चालकाच्या सीटवर तुमच्या वजनाइतका ऐवज. देशी दुकानातल्या २० पौंडी तांदळाच्या पिशव्या यासाठी उत्तम.

मग गाडीच्या दोन्ही बाजूंना, हबच्या (चाकाच्या मध्याच्या) उंचीवर, स्टँडना ताणून दोरी बांधा. दोन दोऱ्यांमधलं अंतर गाडीच्या पुढे आणि मागे सारखं हवं. पुढच्या डाव्या हबपासून त्या बाजूच्या दोरीचं अंतर आणि पुढच्या उजव्याचं अंतर सारखं हवं. मागच्या जोडीचंही आपसात सारखं. पण पुढचं आणि मागचं एकमेकांशी जुळवायला जाऊ नका: या गाडीची मागची चाकं पुढच्यांपेक्षा रुंद बसतात, म्हणून मागे दोरी जवळ येणारच. नवशिका इथेच फसतो, चारही ठिकाणी एकच आकडा आणतो आणि सगळं माप तिरकं करून ठेवतो. दोऱ्या जुळवायला पहिल्यांदा तास जाईल. दुसऱ्यांदा वीस मिनिटं.

आता स्टिअरिंग सरळ बांधून ठेवा आणि दोरीपासून रिमच्या पुढच्या कडेपर्यंतचं आणि मागच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. पुढचं जास्त भरलं तर चाक आत वळलेलं आहे. १८ इंची रिमच्या दोन कडांमध्ये साधारण ४८० मिमी असतात, तिथे ०.१ अंश म्हणजे ०.८ मिमी. अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची पट्टी आणि चष्मा दोन्ही लागतील. कॅम्बरसाठी चाकाशेजारी ओळंबा सोडा. तेवढ्याच उंचीत १ अंश म्हणजे ८.४ मिमी, वरची कड तेवढी आत. डिजिटल कोनमापक तीस डॉलरला मिळतो आणि मी हल्ली तोच वापरतो, पण तो खोटं बोलतोय अशी शंका आली की ओळंबा आहेच. टो बदलण्यासाठी टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकाला जाणारी दांडी) फिरवताना दोन्हीकडे सारखे आटे फिरवा, नाहीतर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं दिसेल. आणि खालच्या आर्मचे बुशवाले (रबरी सांध्यातले) बोल्ट सैल केलेत, तर ते शेवटचे आवळणं गाडी चाकांवर उभी असतानाच करा. हवेत लोंबकळत्या चाकाला आवळले तर बुश कायमचा पिळलेला राहतो.

आकडे आले म्हणजे काम संपलं असं नाही. ट्रॅकवर टायर काय सांगतो ते ऐकायचं, आणि त्यासाठी सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे खडू. टायरच्या खांद्यावर, नक्षीपासून बाजूच्या भिंतीपर्यंत, खडूने रेघा ओढा. पाच-सहा फेऱ्यांनी परत या. बऱ्याच टायरांवर खांद्यापाशी छोटा त्रिकोण असतो. खडू त्या त्रिकोणापर्यंतच पुसला गेला असेल तर ठीक, खाली भिंतीवरही पुसला गेला तर टायर मोडून कडेवर येतोय.

तसं झालं तर आधी हवा तपासा, मग कॅम्बरकडे वळा. थंड टायरमध्ये ३० पौंडांनी (पीएसआय) सुरुवात करा आणि गरम झाल्यावर ३५ च्या आसपास येऊ द्या. तापमान दर साडेपाच अंश सेल्सियस वाढलं की हवा सुमारे एका पौंडाने वाढते, म्हणून सकाळी भरलेली हवा दुपारी तशीच राहत नाही. गरम असतानाच मोजा, लगेच, पिट लेनमधून (ट्रॅकवरून बाहेर येण्याच्या गल्लीतून) येऊन. आणि घरी परतताना हवा पुन्हा दारावरच्या स्टिकरएवढी भरा. हे विसरणारे पुष्कळ.

मग तापमान. टायरच्या रबरात टोचायचा सुईवाला तापमापक घ्या. लांबून लाल ठिपका मारणाऱ्या बंदुकीला फक्त वरची साल कळते, आणि साल पिट लेनमध्येच थंड होते. आत, मध्ये, बाहेर, असे तीन आकडे. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा ५ ते ८ अंश सेल्सियसने जास्त गरम असेल तर कॅम्बर जमलाय. बाहेरची बाजू जास्त गरम, तर अजून उणा हवा. मधली दोन्हींपेक्षा गरम, तर हवा जास्त. लाइम रॉकवर हे वाचन डाव्या टायरवरूनच करा. उजव्याच्या आकड्यांनी फसाल.

आता मित्राच्या कॉइलओव्हरबद्दल. गाडी खाली बसवली की गुरुत्वमध्य खाली येतो, म्हणून ती कमी कलेल, असं वाटतं. मॅकफर्सनमध्ये गंमत उलटी आहे. खालचा आर्म आडव्या रेषेच्या वर झुकला की गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही झपाट्याने खाली घसरतो. दोन्हींमधलं अंतर, म्हणजे कलवणारी तरफ, वाढते. दबताना मिळणारा कॅम्बर आणखी घटतो. शिवाय सस्पेन्शनचा प्रवास कमी झाला म्हणून गाडी बंप स्टॉपवर (प्रवासाच्या शेवटच्या रबरी ठोकळ्यावर) आपटते आणि लाइम रॉकच्या अपहिल या चढाच्या वळणाच्या माथ्यावर, जिथे गाडी आधीच हलकी होते, तिथे उडी मारते. हे सगळं कडक स्प्रिंग आणि चांगल्या डॅम्परने (शॉक अ‍ॅब्सॉर्बरने) सावरता येतं, पण मग ते चांगले हवेत, आणि चांगले तीन हजारांत क्वचितच बसतात. मूळ डॅम्पर थकले, टायर बदलले आणि तुम्हाला नेमकं काय हवं ते सांगता येऊ लागलं, की मग बघू. तोपर्यंत गाडी फारच कलते असं वाटलं तर पुढचा अँटी-रोल बार जाड करा. पुस्तकी नियम सांगतो की त्याने पुढची पकड कमी होते. पण जिथे कलण्यामुळे कॅम्बरच वाया जातो, तिथे कमी कलल्याने टायर सपाट राहतो आणि पकड उलट वाढते. या गाडीत दोन-तीन वेळा मी हे पाहिलं आहे.

एका वेळी एकच बदल करायचा. ट्रॅकवर वही ठेवा. गाडी कुठे रुसते ते वळणाच्या नावासकट लिहा: शिरताना, मध्यावर की बाहेर पडताना. बिग बेंडच्या मध्यावर पुढचा भाग सरळ निघून जात असेल, तर कॅम्बर आणि हवा. शिरतानाच जात असेल, तर आधी स्वतःचं ब्रेकिंग तपासा. दहापैकी सात वेळा दोष सस्पेन्शनचा नसतो, आपण ब्रेक फार लवकर सोडतो आणि पुढचा भार उठून जातो. गाडीत हे शोधायला मी एक आख्खा हंगाम घालवला होता.

आणि बोल्ट. कॅम्बर बोल्ट मूळ बोल्टपेक्षा सडपातळ असतो, तो फक्त आवळण्याच्या जोरावर टिकतो. एकदा घाईत मी टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) न लावता ‘हाताला घट्ट वाटतंय’ म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या सत्रात सरळ रस्त्यावर स्टिअरिंग एका बाजूला कललेलं दिसलं. बोल्ट सरकला होता, कॅम्बर एका बाजूने अर्धा अंश गेला होता. चाक निघालं नाही हे नशीब. तेव्हापासून बोल्टच्या डोक्यावरून नकलवर पिवळ्या रंगाची एक सलग रेघ ओढून ठेवतो. रेघ तुटलेली दिसली की गाडी पुढे जात नाही. तुम्हीही पहिल्या सत्रानंतर चाक काढून ती रेघ बघा, टॉर्क पुन्हा लावा, मग दुसऱ्या सत्राला जा.

लाइम रॉकवर रविवारी इंजिनं गप्प असतात. शेजाऱ्यांनी १९५० च्या दशकातच कोर्टात जाऊन तो दिवस मिळवला आहे. त्यामुळे दोऱ्या बांधायला रविवार मोकळाच मिळेल. पुढच्या ट्रॅक डेनंतर डाव्या टायरची तीन तापमानं आणि गरम हवेचा आकडा लिहून पाठवा, मग उणे १.८ वर थांबायचं की प्लेट घ्यायची ते सांगतो.